डेटाबेसची किल्ली कोणाकडे?

गावी जाताना घराला भलंमोठं कुलूप लावायचं आणि किल्ली दाराशेजारच्या कोनाड्यात ठेवायची, ही आपली जुनी पद्धत. हसू नका मंडळी, डेटाबेसवाल्यांनीही अगदी हेच केलं होतं.

२००३ साली कॅलिफोर्नियात कायदा लागू झाला: ग्राहकांची माहिती चोरीला गेली तर त्यांना कळवा. मात्र ती एन्क्रिप्ट केलेली असेल तर सूट. झालं, सगळ्यांना एन्क्रिप्शन आठवलं! २००५ मध्ये ओरॅकलने १०जी रिलीज २ मध्ये 'ट्रान्सपरंट डेटा एन्क्रिप्शन' आणलं. अॅप्लिकेशनच्या कोडला हातही लावायचा नाही. टेबलची किल्ली डेटाबेसमध्येच, पण मास्टर किल्लीने एन्क्रिप्ट केलेली; आणि मास्टर किल्ली 'वॉलेट' नावाच्या फाइलमध्ये.

आता ही फाइल कुठे? बऱ्याचदा त्याच सर्व्हरवर. त्यात रात्री दोनला सर्व्हर रीस्टार्ट झाला तर पासवर्ड टाकायला कोण उठणार, म्हणून पासवर्डशिवाय उघडणारं ऑटो-लॉगिन वॉलेट. मग बॅकअपच्या टेपवर डेटा आणि किल्ली, दोघं जोडीने!

२००७ च्या ११जीपासून मास्टर किल्ली वेगळ्या हार्डवेअर पेटीत ठेवता येऊ लागली. किल्ली पेटीबाहेर येतच नाही. डेटाबेस टेबलची किल्ली आत पाठवतो, पेटी ती उलगडून देते. एसक्यूएल सर्व्हरने २००८ मध्ये अशीच सोय दिली. पण प्रत्येक की सर्व्हरची भाषा निराळी. सगळ्यांसाठी एक बोली, केएमआयपी, ठरायला २०१० उजाडलं.

आमच्या एका क्लायंटकडे ११जीच्या काळात आम्ही वॉलेटमधून पेटीत स्थलांतर केलं. सगळं सुरळीत. एका उत्साही सहकाऱ्याने जुनं वॉलेट 'आता काय कामाचं' म्हणून पुसून टाकलं. महिन्याभराने ऑडिटसाठी स्थलांतराच्या आधीचा बॅकअप रीस्टोअर करायला घेतला आणि लक्षात आलं, की त्यातल्या टेबलांच्या किल्ल्या जुन्या मास्टर किल्लीनेच बंद आहेत. नवी पेटी त्यांना ओळखतही नव्हती. डेटा समोर, पण वाचता येईना.

दोन दिवस शोधाशोध. शेवटी वॉलेट सापडलं ते एका डीबीएच्या लॅपटॉपवर, जिथे ते असायलाच नको होतं. पासवर्ड त्याला पाठ होता. मॅनेजरने त्याला आधी झापलं, मग बाहेर नेऊन चहा पाजला.