एका ओळीची आज्ञा

१९५७ साली अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेच्या मॅक्स मॅथ्यूज या अभियंत्याने आयबीएम ७०४ या अवाढव्य गणकयंत्रासाठी एक आज्ञावली लिहिली. तिच्या योगे यंत्राने असंख्य आकडे मोजून चुंबकीय फितीवर उतरविले, आणि त्या आकड्यांतून सतरा सेकंदांची एक सुरावट उमटली. ती कानाला गोड होती असे कोणी म्हणणार नाही. परंतु नाद म्हणजे ओळीने मांडलेले आकडे होत, आणि आकड्यांवर जे जे करता येते ते ते नादावरही करता येते, ही गोष्ट त्या दिवसापासून पक्की झाली.

याच प्रयोगशाळेतील डग मॅकिलरॉय यांनी १९६४ मध्ये एका टिपणात सुचविले की, बागेतील रबरी नळ्या जशा एकीला एक जोडतात तशा लहान लहान आज्ञावल्या जोडता याव्यात. ही सूचना नऊ वर्षे कागदावरच राहिली. १९७३ मध्ये केन थॉम्पसन यांनी ती युनिक्स प्रणालीत उतरविली. पडद्यावर चित्रे नाहीत, दाबावयास बटणे नाहीत. कळफलकावर एक ओळ लिहावयाची आणि यंत्राने ती निमूटपणे पाळावयाची, अशी ही रीत. नवख्याला ती रूक्ष वाटते. तथापि एका फाइलीसाठी लिहिलेली ओळ दहा हजार फाइलींनाही लागू पडते, हा तिचा गुण एकदा अनुभवलेला माणूस पुन्हा बटणांकडे सहसा वळत नाही.

ध्वनीच्या क्षेत्रात ही रीत रुजविली लान्स नॉर्स्कॉग यांच्या ‘सॉक्स’ने. जुलै १९९१ मध्ये ती आज्ञावली त्यांनी सर्वांना मोफत दिली. त्या काळी सन कंपनीच्या यंत्रावरील ध्वनी मॅकिंटॉशला कळत नसे, आणि मॅकिंटॉशचा इतरांना. सॉक्स हा या दोघांमधला दुभाषा झाला. पुढे त्यात कापणे, जोडणे, पट्टी बदलणे अशी कामे वाढत गेली. जुन्या तबकडीवरील खरखर काढण्याची त्याची युक्ती तर मोठी सुरेख आहे. गाणे सुरू होण्यापूर्वीचा, नुसत्या खरखरीचा क्षणभराचा तुकडा त्याला नमुना म्हणून दाखवावयाचा, आणि मग सबंध ध्वनिमुद्रणातून त्या नमुन्यासारखे जे असेल ते वजा करावयास सांगावयाचे. हात मात्र जपून वापरावा लागतो. हाव धरली की गायक विहिरीच्या तळाशी बसून गातो आहे असे वाटू लागते!

खरी अडचण आकारमानाची होती. साध्या तबकडीवरील संगीताला दर सेकंदास चौदा लाख अकरा हजार दोनशे द्विमान अंक लागतात. तासाभराच्या मैफलीला सुमारे ६३५ मेगाबाइट. चलचित्राची भूक याहून कितीतरी मोठी. ती भागविण्याची किल्ली सापडली बंगळूरमध्ये जन्मलेल्या आणि तेथेच अभियांत्रिकी शिकलेल्या नासिर अहमद यांना. कॅन्सस राज्य विद्यापीठात शिकवीत असता १९७२ मध्ये त्यांनी आपल्या कल्पनेसाठी नॅशनल सायन्स फाउंडेशनकडे साहाय्य मागितले. ते मिळाले नाही. कल्पना फारच सोपी आहे, असा एका परीक्षकाचा अभिप्राय पडला. अहमद यांनी उन्हाळ्यातील वेतनावर पाणी सोडून काम चालू ठेवले, आणि जानेवारी १९७४ मध्ये टी. नटराजन व के. आर. राव यांच्यासह अवघ्या चार पानांचा निबंध छापला. चित्राचे लहान चौकोन पाडावयाचे, प्रत्येक चौकोन म्हणजे मंद व द्रुत लहरींचे मिश्रण मानावयाचे, आणि ज्या बारीक लहरी डोळ्याला जाणवतही नाहीत त्या गाळावयाच्या, असे तिच्या उपयोगाचे स्थूल रूप आहे. जगातील बहुतेक छायाचित्रे आणि चलचित्रे आज ज्या संकोचन-पद्धतींतून जातात त्या याच ‘सोप्या’ कल्पनेवर उभ्या आहेत.

नादालाही असाच न्याय लागू पडला. मृदंगावर थाप पडते त्या क्षणी शेजारची कुजबूज ऐकू येत नाही. मग ती साठवावी तरी कशाला? एमपी३ चा पाया हाच. परंतु त्या पद्धतीवर पेटंटांचे कुंपण होते, आणि तिच्या परवान्यांचा व्यवहार २०१७ मध्ये संपला.

अशा कुंपणांच्या काळात, २००० साली, फाब्रिस बेलार्ड या फ्रेंच गणितज्ञ-अभियंत्याने टोपणनावाने ‘एफएफएमपेग’ लिहावयास घेतले. फाइलीचे नाव लिहावे, पुढे हव्या त्या रूपातील नवे नाव लिहावे, आणि मधले सारे यंत्रावर सोपवावे, एवढीच त्याची मूळ मागणी. थोड्याच वर्षांत जगातील शेकडो ध्वनी-चित्र पद्धती त्याला अवगत झाल्या. पॅरिसमधील विद्यार्थ्यांच्या प्रकल्पातून निघालेला व्हीएलसी हा लोकप्रिय चित्रवादक त्याच्याच भांडारावर चालतो.

२००४ पासून धुरा ऑस्ट्रियाच्या मिखाएल निडरमायर यांच्याकडे आली. मतभेद साचत गेले, आणि जानेवारी २०११ मध्ये काही सहकाऱ्यांनी कारभार आपल्या हाती घेतल्याचे जाहीर केले. मार्चमध्ये त्या गटाने ‘लिबाव’ असे वेगळे बिऱ्हाड थाटले. डेबियन आणि उबुंटू यांनी लिबावचा पक्ष घेतला. मग या प्रणालींवर जुनी आज्ञा लिहिणाऱ्यास उत्तर मिळू लागले की, ही आज्ञावली आता कालबाह्य झाली आहे, नवी वापरा. मूळ आज्ञावली जिवंत असून दररोज वाढत होती. तरी हजारो लोकांनी तिला मेलेली समजून हळहळ व्यक्त केली. निडरमायर यांनी वाद वाढविण्याऐवजी प्रतिपक्षाच्या सुधारणाही आपल्या शाखेत जवळजवळ रोज मिसळल्या. हे कष्टाचे आणि उदारपणाचे काम होते, तसेच धूर्तपणाचेही. कारण त्यामुळे एका घरी दोन्ही घरांची पुंजी जमली. २०१५ मध्ये डेबियन परत आले. त्याच वर्षी निडरमायर यांनी नेतृत्व सोडले, काम मात्र सोडले नाही.

गूगलच्या दोन अभियंत्यांनी मुद्दाम बिघडविलेल्या फाइली या आज्ञावलीला चारून पाहिल्या, तेव्हा २०१४ च्या जानेवारीपर्यंत हजारांहून अधिक दुरुस्त्या कराव्या लागल्याचे प्रसिद्ध झाले. त्या करणाऱ्यांत बिनपगारी स्वयंसेवकांचा वाटा मोठा होता. १८ फेब्रुवारी २०२१ रोजी अमेरिकेचे पर्सिव्हिअरन्स हे यान मंगळावर उतरले. छत्री उघडताना व लाल धूळ उडताना टिपलेली दृश्ये पृथ्वीकडे धाडण्यापूर्वी यानावरच दाबून लहान केली गेली, ती याच आज्ञावलीने.