पुनर्बांधणीयोग्य ॲटोमायझर : उपकरण, दोषनिदान आणि वापरकर्त्याचे ज्ञान (१९२७ ते २०१९)

प्रस्तावना

तंत्रज्ञानाचा इतिहास लिहिताना शोधकर्त्यांची नावे, पेटंटची वर्षे आणि कारखान्यांची स्थापना यांना प्राधान्य दिले जाते. वस्तू बाजारात आल्यानंतर ती हाताळणाऱ्या सामान्य माणसाने तिच्यात कोणते बदल केले, ती बिघडल्यावर दोष कसा शोधला आणि त्यातून कोणते ज्ञान निर्माण झाले, याची नोंद मात्र क्वचितच घेतली जाते. इलेक्ट्रॉनिक सिगारेट हे या दृष्टीने अभ्यासण्याजोगे उदाहरण आहे. या उपकरणाच्या जेमतेम दोन दशकांच्या इतिहासात एक असा टप्पा आला की, त्याचा सर्वांत महत्त्वाचा भाग, म्हणजे द्रावाची वाफ करणारा ॲटोमायझर, वापरकर्ते स्वतःच्या हाताने बांधू लागले.

प्रस्तुत लेखात या पुनर्बांधणीयोग्य टाकी-ॲटोमायझरचा उगम, त्याची रचना, त्यातील दोषनिदानाची पद्धती आणि या ज्ञानाचे वैज्ञानिक वादात उमटलेले पडसाद यांचा आढावा घेतला आहे. भारतात इलेक्ट्रॉनिक सिगारेटच्या उत्पादनास व विक्रीस २०१९ पासून बंदी आहे. त्यामुळे हे विवेचन वापराची शिफारस म्हणून नव्हे, तर तंत्रज्ञानाच्या सामाजिक इतिहासातील एक प्रकरण म्हणून वाचावे.

पूर्वपीठिका

श्वासावाटे बाष्प घेण्यासाठी विजेचा उपयोग करण्याची कल्पना जुनी आहे. अमेरिकेतील जोसेफ रॉबिन्सन याने १९२७ मध्ये औषधी द्रव्यांच्या वाफेसाठी विद्युत बाष्पकाच्या पेटंटचा अर्ज केला व १९३० मध्ये ते त्यास मिळाले. पुढे पेन्सिल्व्हेनिया राज्यातील हर्बर्ट गिल्बर्ट याने १९६३ मध्ये 'धूरविरहित व तंबाखूविरहित सिगारेट'ची रचना मांडली. तिचे पेटंट १९६५ मध्ये मंजूर झाले. यांपैकी कोणतेही उपकरण बाजारात रुजले नाही.

आधुनिक इलेक्ट्रॉनिक सिगारेटचे श्रेय चीनमधील औषधशास्त्रज्ञ होन लिक यांना दिले जाते. त्यांनी २००३ मध्ये सिद्ध केलेल्या रचनेत श्राव्यातीत कंपनांच्या साहाय्याने द्रावाचे सूक्ष्म थेंब केले जात. २००४ पासून 'रुयान' या नावाने हे उपकरण चीनमध्ये विकले जाऊ लागले. या नावाचा अर्थ 'धुरासारखे' असा आहे. २००६-०७ च्या सुमारास ते युरोप व अमेरिकेत पोहोचले. पुढे कंपनांऐवजी तापणाऱ्या तारेचे वेटोळे ही सोपी व स्वस्त पद्धती सर्वत्र रूढ झाली. २०१३ मध्ये या मूळ कंपनीची पेटंट इम्पिरियल टोबॅको या तंबाखू उद्योगसमूहाच्या उपकंपनीने साडेसात कोटी डॉलरना विकत घेतली.

ज्या साहित्यावर ही तार अवलंबून होती, ते मात्र विसाव्या शतकाच्या आरंभीचे होते. निकेल-क्रोमियम मिश्रधातूचे पेटंट अल्बर्ट मार्श यास १९०६ मध्ये मिळाले. लोह, क्रोमियम व ॲल्युमिनियम यांचा मिश्रधातू स्वीडनमध्ये विकसित झाला व 'कँथल' या नावाने प्रसिद्ध पावला. विजेच्या शेगडीतील तार आणि ॲटोमायझरमधील तार यांचे कुळ एकच आहे.

आपल्याकडील धूम्रपानाच्या साधनांशीही येथे तुलना करता येते. सतराव्या शतकाच्या आरंभी अकबराचा दूत असद बेग याने विजापूरहून मुघल दरबारात तंबाखू नेल्याची नोंद त्याच्याच लेखनात आहे. पुढे दख्खनेत बिदरी कामाचे हुक्के घडू लागले. हुक्का वा गुडगुडी वापरणाऱ्यास पाण्याची पातळी, चिलमीतील तंबाखूचा भर व निखाऱ्याची आच यांचा मेळ स्वतः घालावा लागे. कारखान्यात तयार झालेल्या सिगारेटने हे कौशल्य अनावश्यक केले. पुनर्बांधणीयोग्य ॲटोमायझरने साधनाची मांडणी पुन्हा ओढणाऱ्याच्या हाती दिली.

पुनर्बांधणीचा उगम व रचना

आरंभीच्या उपकरणांतील ॲटोमायझर बंदिस्त असत. वेटोळे काजळले किंवा तार तुटली की तो भाग फेकून द्यावा लागे. ही गैरसोय व खर्च टाळण्यासाठी २०१० च्या सुमारास काही वापरकर्त्यांनी व लहान कारागिरांनी उघडता येणारे ॲटोमायझर तयार केले. त्यांतील 'जेनेसिस' पद्धतीत टाकी खाली व वेटोळे वर असे. वात म्हणून पोलादी जाळीची गुंडाळी वापरली जाई. जाळी स्वतः वीजवाहक असल्याने तिच्यावर ज्योतीने ऑक्साइडचा थर चढवावा लागे. तो अपुरा राहिल्यास तार व जाळी यांच्यात शॉर्ट होऊन वेटोळ्याचा एखादाच भाग लालभडक होई. त्यानंतर जर्मनीतील 'कायफुन'सारख्या ॲटोमायझरनी वेटोळे खाली, बंद कक्षात व टाकी त्याच्याभोवती अशी रचना रूढ केली. वातीसाठी आधी सिलिकाचा दोर व नंतर कापूस आला. २०१४ मध्ये चीनमधील शेन्झेन येथील कारखान्यांनी तयार वेटोळे व स्वतः बांधण्याचा तळ असे दोन्ही पर्याय देणाऱ्या टाक्या मोठ्या प्रमाणावर बाजारात आणल्या.

या रचनेचे कार्य तीन तत्त्वांवर चालते. पहिले तत्त्व ओहमच्या नियमाचे. उदाहरणार्थ, ०.३२ मिलिमीटर जाडीच्या कँथल तारेचे अडीच मिलिमीटर व्यासाच्या दांड्यावर सहा वेढे घेतल्यास टोकांसह सुमारे सहा सेंटिमीटर तार लागते व रोध सुमारे १.१ ओहम भरतो. पूर्ण भारित लिथियम-आयन घटाचे विभवांतर ४.२ व्होल्ट असते. त्यामुळे सुमारे ३.८ अँपिअर धारा व १६ वॉट शक्ती मिळते. अशीच दोन वेटोळी समांतर जोडल्यास रोध निम्मा व धारा दुप्पट होते. दुसरे तत्त्व केशाकर्षणाचे. समईच्या वातीत तेल चढते त्याच रीतीने कापसातून द्राव तारेपर्यंत येतो. तिसरे तत्त्व दाबाचे. टाकीतील द्राव उतरतो तशी वरच्या पोकळीतील हवा विरळ होते व हा कमी दाब उरलेला द्राव धरून ठेवतो. वातीतला द्राव खर्च झाल्यावर हवेचा बुडबुडा टाकीत शिरतो व तेवढाच नवा द्राव खाली येतो.

दोषनिदानाची पद्धती

वापरकर्त्यांमध्ये रूढ झालेली दोषनिदानाची पद्धती पाहता तिच्यात कार्यशाळेतील शिस्त दिसून येते. वेटोळे बसवल्यावर कापूस घालण्यापूर्वी रोध मोजणे हा पहिला नियम होता. मोजमाप शून्याजवळ आले तर तारेचे टोक तळाला किंवा कक्षाच्या भिंतीला टेकले आहे, अथवा धन खांबाखालचे निरोधक कडे निखळले आहे, असे समजावे. आकडा सतत बदलत राहिला तर स्क्रू सैल आहे. आकडाच आला नाही तर तार तुटली आहे किंवा संपर्क होत नाही. त्यानंतर कँथल तारेला अल्प शक्तीचे क्षणिक झटके देऊन ती मध्यापासून टोकांकडे सारखी तापते का, हे पाहिले जाई. एखादा वेढा आधी लाल झाला तर चिनीमातीच्या टोकाच्या चिमट्याने वेढे सारखे करून घेत.

खरी कसोटी वातीची असे. कापूस फार दाबून भरला तर द्राव पुरेशा वेगाने येत नाही, तार कोरडी पडते आणि घशाला जळकट चटका बसतो. कापूस कमी पडला तर द्रावमार्ग उघडे राहतात, कक्षात द्राव साचतो, ओढताना गुडगुड आवाज येतो व हवेच्या छिद्रातून गळती होते. टाकीचे झाकण किंवा रबरी कडे नीट बसले नाही तर दाबाचे संतुलन मोडूनही गळती होते. म्हणजे गळतीचे कारण वातीतही असू शकते आणि कड्यातही. दोन्ही एकाच वेळी बदलल्यास दोष नेमका कोठे होता हे कळत नाही. एका वेळी एकच घटक बदलावा, ही प्रयोगशास्त्रातील मूलभूत शिकवण येथे अनुभवातून आलेली दिसते. ग्लिसरीनचे प्रमाण जास्त असलेला द्राव दाट असल्याने त्यास रुंद मार्ग लागतात. प्रॉपिलीन ग्लायकॉल अधिक असलेला पातळ द्राव त्याच मार्गांतून गळतो.

२०१४ मध्ये अमेरिकेतील इव्होल्व्ह कंपनीने तापमान नियंत्रित करणारे परिपथ आणले. तापल्यावर निकेलच्या तारेचा रोध वाढतो. तो मोजून शक्ती आपोआप कमी केली जाई. त्यासाठी थंड स्थितीतील रोधाची नोंद अचूक असावी लागते. वेटोळे गरम असताना नोंद घेतली किंवा स्क्रू सैल राहिला तर सारे नियंत्रण चुकीच्या आकड्यावर चालते. कँथलचा रोध तापमानाने फारसा बदलत नसल्याने ती तार येथे निरुपयोगी ठरली.

'कोरडा झुरका' : अनुभव आणि प्रयोगशाळा

या व्यवहारज्ञानाचे महत्त्व २०१५ मध्ये एका वैज्ञानिक वादात स्पष्ट झाले. त्या वर्षी जानेवारीत अमेरिकेतील पोर्टलंड स्टेट विद्यापीठातील संशोधकांनी 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'मध्ये एक पत्र प्रसिद्ध केले. टाकी-उपकरण ५ व्होल्टवर चालवल्यास बाष्पात फॉर्माल्डिहाइड देणारी संयुगे मोठ्या प्रमाणात आढळतात, ३.३ व्होल्टवर आढळत नाहीत, असा त्याचा आशय होता. ग्रीसमधील संशोधक कॉन्स्टँटिनोस फार्सालिनोस व सहकाऱ्यांनी त्याच वर्षी 'ॲडिक्शन' या नियतकालिकातून यास उत्तर दिले. त्यांनी ॲटोमायझरची नेहमीची मांडणी व दुहेरी वातीची मांडणी यांची तुलना केली. नेहमीच्या मांडणीत ९ व १० वॉटवर अनुभवी वापरकर्त्यांना कोरडा झुरका जाणवला व त्याच स्थितीत अल्डिहाइडचे प्रमाण एकदम वाढले; दुहेरी वातीत तसे झाले नाही. यंत्र जळका झुरकाही ओढत राहते, माणूस मात्र थांबतो, हा त्यांच्या युक्तिवादाचा गाभा होता.

म्हणजे वात जाड की बारीक, हा वापरकर्त्यांमधील किरकोळ वाटणारा प्रश्न सार्वजनिक आरोग्याच्या पुराव्याचा भाग झाला. उपकरणाची मांडणी कशी केली हे न सांगता दिलेले मोजमाप अपुरे ठरते, हा धडा महत्त्वाचा आहे.

तथापि वापरकर्त्याच्या जिभेला सर्व धोके कळतात, असा निष्कर्ष यातून निघत नाही. २०१८ मध्ये जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाच्या संशोधकांनी ५६ वापरकर्त्यांची उपकरणे तपासली, तेव्हा वेटोळ्याच्या संपर्कात आल्यानंतर द्रावात व बाष्पात शिसे, निकेल, क्रोमियम व मँगनीज यांचे प्रमाण वाढल्याचे दिसले. वेटोळे वारंवार बदलणाऱ्यांच्या उपकरणांत ते अधिक असल्याचे संकेत मिळाले. नवे वेटोळे म्हणजे स्वच्छ बाष्प, ही समजूत अनुभवावर आधारलेली असूनही अपुरी होती. धातूला चव नव्हती, म्हणून तो दोषनिदानाच्या कक्षेत आलाच नाही. घटाच्या बाबतीतही अज्ञान महाग पडले. संरक्षक परिपथ नसलेल्या नळीत ०.२ ओहमचे वेटोळे लावल्यास २१ अँपिअर धारा वाहते. ती अनेक घटांच्या क्षमतेबाहेर असते. मे २०१८ मध्ये फ्लोरिडा येथे अशा उपकरणाच्या स्फोटात एकाचा मृत्यू झाला.

नियमन आणि बंदिस्त उपकरणांकडे वाटचाल

युरोपीय संघाच्या २०१४ च्या निर्देशाने टाकीची क्षमता २ मिलिलिटर व निकोटिनचे प्रमाण प्रति मिलिलिटर २० मिलिग्रॅम इतके मर्यादित केले. ते मे २०१६ पासून लागू झाले. अमेरिकेत ऑगस्ट २०१६ पासून ॲटोमायझरचे सुटे भागही नियमनाखाली आले. दरम्यान २०१५ मध्ये बाजारात आलेल्या 'जूल'ने बंद कुपीची पद्धती लोकप्रिय केली. तिच्यात भरायचे, मोजायचे वा दुरुस्त करायचे काहीच उरले नाही. शिकण्याची अट नाहीशी झाल्याने अल्पवयीन मुलांपर्यंत पोहोचणे या उपकरणास अधिक सोपे गेले, ही बाब नोंदवणे आवश्यक आहे.

२०१९ मध्ये अमेरिकेत उद्भवलेल्या फुप्फुसविकारात फेब्रुवारी २०२० पर्यंत २,८०७ रुग्ण व ६८ मृत्यू नोंदले गेले. त्याचा मुख्य संबंध गांजातील टीएचसीच्या कुप्यांमध्ये मिसळलेल्या व्हिटॅमिन ई ॲसिटेटशी आढळला. कुपीत काय आहे हे वापरणाऱ्यास कळण्याचा मार्ग नव्हता.

भारतात १८ सप्टेंबर २०१९ रोजी अध्यादेश निघाला व डिसेंबर २०१९ मध्ये त्याचे कायद्यात रूपांतर झाले. उत्पादन, आयात, विक्री, साठवण व जाहिरात यांस बंदी असून साठवण वगळता इतरांच्या पहिल्या गुन्ह्यास एक वर्षापर्यंत कैद किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड अथवा दोन्ही अशी तरतूद आहे. उपकरण पूर्ण असो वा त्याचा एखादा भाग, बंदी दोहोंस लागू आहे. व्यक्तिगत वापरासाठी मात्र स्वतंत्र शिक्षा सांगितलेली नाही.

निष्कर्ष

१. पुनर्बांधणीयोग्य ॲटोमायझर हा कारखान्याने दिलेल्या उपकरणातील उणीव वापरकर्त्यांनी भरून काढण्याच्या प्रयत्नातून आकारास आला. मोठे उत्पादक नंतर त्यात उतरले.

२. त्यासोबत विकसित झालेले दोषनिदान पद्धतशीर होते व २०१५ च्या वादात त्याला पुराव्याचे मूल्य आले.

३. हे ज्ञान इंद्रियांना जाणवणाऱ्या दोषांपुरते मर्यादित होते. जळका झुरका, गळती व गुडगुड यांवर उपाय सापडले. धातूंचे अंश व निकोटिनचे व्यसन यांवर नाही.

४. बंदिस्त उपकरणांनी कौशल्याची गरज संपवली, परंतु धोका संपवला नाही. तो केवळ वापरणाऱ्याच्या नजरेआड झाला.

महाविद्यालयांतून व्यसनमुक्तीचे कार्यक्रम घेताना इलेक्ट्रॉनिक सिगारेट या एकाच नावाखाली भिन्न रचनेची उपकरणे एकत्र केली जातात. विद्यार्थ्यांशी बोलताना ती कशी चालतात, कोणता दोष जाणवतो आणि कोणता जाणवत नाही, हे अचूक सांगता आले तर त्या बोलण्यास अधिक वजन येईल. इतिहासाच्या अभ्यासकासाठीही उपकरणाच्या बिघाडाची नोंद हे साधन तितकेच मोलाचे आहे, जितके त्याच्या पेटंटचे.