छापील पुस्तक घरांत आलें तेव्हां



मुलाच्या हातीं मोबाइल दिसला कीं वडील माणसांच्या कपाळास आठी पडते. ही आठी आजची नव्हे. सुमारें दोनशें वर्षांपूर्वीं छापील पुस्तक आपल्या घरांत शिरलें, तेव्हांही ती पडलीच होती.

त्यापूर्वीं घरांत वाचन म्हणजे पोथी. ती सोवळ्यानें सोडावयाची, एकानें मोठ्यानें वाचावयाची आणि इतरांनीं ऐकावयाची. मूल काय वाचतें हें आजीला माजघरांत बसूनही कळे. पुढें 1822 सालीं मुंबईस शाळांकरितां ‘पंचोपाख्यान’ छापलें गेलें. 6 जानेवारी 1832 रोजीं बाळशास्त्री जांभेकरांनीं ‘दर्पण’ पत्र काढलें. शाळकरी मुलाच्या हातीं छापील कागद येऊं लागला.

वडिलांची पहिली शंका आली ती शाईविषयीं. शाईंत चरबी असते, मग त्या कागदास शिवावें कसें? गोविंद नारायण माडगांवकरांचें ‘मुंबईचें वर्णन’ 1863 सालचें. तोंपर्यंतही छापील कागदास हात लावण्यास भिणारे लोक होते, असें त्यावरून दिसतें. या शंकेस उत्तर दिलें गणपत कृष्णाजींनीं. मिशनऱ्यांचे छापखाने पाहून त्यांनीं मुंबईंत आपला छापखाना उभारला, चरबीऐवजीं तूप घालून शाई केली आणि पंचांग छापलें. पंचांगावांचून कोणाचें घर चालणार? छापील कागद देवघरापर्यंत पोंचला.

शाईची भीति गेली, तों दुसरी आली. 1857 सालीं बाबा पदमनजींचें ‘यमुनापर्यटन’ व 1861 सालीं लक्ष्मणशास्त्री हळब्यांची ‘मुक्तामाला’ निघाली. हीं पुस्तकें मोठ्यानें वाचावयाचीं नव्हतीं. कोपऱ्यांत बसून मनांतल्या मनांत वाचावयाचीं होतीं. कादंबऱ्यांनीं मुलें बिघडतात, असें मग घरोघर ऐकूं येऊं लागलें. मुलींची वाट तर याहून बिकट. 1873 सालीं अकराव्या वर्षीं रमाबाई रानड्यांच्या घरांत आल्या. महादेव गोविंद रानडे त्यांस स्वतः शिकवीत, आणि घरांतील बायकांस तें खपत नसे. ही हकीकत रमाबाईंनींच आपल्या आठवणींत सांगितली आहे.

यांत वडील मंडळी केवळ हट्टी होतीं, असें मला वाटत नाहीं. शाईचा विटाळ हें निमित्त. खरी टोंचणी निराळी होती. जें वाचन साऱ्या घराच्या कानांवर पडत असे तें मुकें झालें, आणि मुलाच्या मनांत काय चाललें आहे हें घरास कळेनासें झालें. ही हानि खरी होती. परंतु बंदीनें ती भरून येईना. बंदी घातली कीं पुस्तक उशाखालीं जाई. वाट सांपडली ती वडिलांनींच पुस्तक हातीं घेतलें तेव्हां. 1906 सालीं वासुदेव गोविंद आपट्यांनीं पुण्यास मुलांकरितां ‘आनंद’ मासिक काढलें, आणि आईबाप आपण होऊन त्याची वर्गणी भरूं लागले.

आज इअरफोन लावून बसलेलें मूल पाहिलें म्हणजे त्या मुक्या वाचनाची आठवण होते. यंत्र हिसकावून घेण्यापूर्वीं त्याच्याजवळ बसून, “काय पाहतोस, मलाही दाखव,” एवढें म्हणून पाहावें. पहिल्या दिवशीं तें दाखविणार नाहीं. दुसऱ्या दिवशीं पुन्हां विचारावें.