फोन झोपतो तेव्हा...

गेल्या महिन्यातली गोष्ट. पहाटे तीनच्या सुमारास स्वयंपाकघरात खुडबुड ऐकू आली म्हणून उठलो, तर माझा रूममेट घामाघूम होऊन साखरेचा डबा शोधत होता. त्याला लहानपणापासून टाइप १ डायबिटीस आहे. दंडावर नाण्याएवढा सेन्सर चिकटवलेला असतो, आणि साखर फार खाली गेली की फोन बोंबलतो. त्या रात्री फोन बोंबललाच नाही. साखरपाणी पिऊन पंधरा-वीस मिनिटांत स्वारी माणसात आली, आणि मग आम्ही दोघं इंजिनियर रूट कॉज शोधायला बसलो. आदल्या दिवशी फोन अपडेट झाला होता, आणि बॅटरी वाचवण्याच्या नादात फोनने ते ॲपच झोपवून टाकलं होतं!

तर मंडळी, हा शनिवार त्यामुळे वाचनात गेला. म्हटलं, माणसाचा जीव एका ॲपच्या नोटिफिकेशनवर अवलंबून राहण्यापर्यंत आपण पोचलो तरी कसे?

सुरुवात फोनच्या खूप आधीची आहे. १९६२ मध्ये लेलँड क्लार्क या अमेरिकन शास्त्रज्ञाने एन्झाइम लावलेल्या इलेक्ट्रोडने ग्लुकोज मोजण्याची कल्पना मांडली. आजचे बहुतेक सेन्सर त्याच कल्पनेचे वंशज. १९९९ मध्ये मिनिमेड कंपनीच्या यंत्राला अमेरिकेच्या एफडीएची मान्यता मिळाली. पण ते यंत्र जास्तीत जास्त तीन दिवस लावायचं आणि आकडे नंतर डॉक्टरने बघायचे. म्हणजे विमानाचा ब्लॅक बॉक्सच म्हणा ना. काय झालं ते कळणार, पण होऊन गेल्यावर. पुढे दर पाच मिनिटांनी आकडा दाखवणारी आणि स्वतः अलार्म देणारी यंत्रं आली. २०१२ चं डेक्सकॉम जी४ त्यातलंच. त्याचा रिसीव्हर वेगळा, पेजरसारखा, आणि रेंज साधारण २० फूट. फोनशी त्याचा काही संबंध नव्हता.

इथे आपला बिरादर कथेत येतो. जॉन कॉस्टिक, न्यूयॉर्क राज्यातला सॉफ्टवेअर इंजिनियर. त्याच्या चार वर्षांच्या मुलाला २०१२ मध्ये टाइप १ निघाला. मुलगा पाळणाघरात, रिसीव्हर मुलाजवळ आणि बाप ऑफिसात. २० फुटांपलीकडे काय चाललंय ते बापाला कळणार कसं? तर २०१३ मध्ये या बाबाने रिसीव्हरच्या यूएसबी पोर्टमधून काय बाहेर पडतं ते उलगडलं, आकडे इंटरनेटवर चढवले आणि ऑफिसात बसून बघायला लागला. त्याचा कोड इतरांनी पुढे नेला आणि त्यातून 'नाइटस्काउट' हा ओपन सोर्स प्रकल्प उभा राहिला. या मंडळींचं घोषवाक्यच होतं, 'आम्ही थांबणार नाही'.

सिएटलच्या डेना लुईसची गोष्ट तर अगदी माझ्या रूममेटची. ती गाढ झोपायची आणि यंत्राचा अलार्म तिला उठवण्याइतका मोठा नव्हता. तिने कॉस्टिकचाच कोड घेतला, आकडे स्वतःच्या फोनवर आणले आणि हवा तेवढा कर्कश अलार्म बनवला. त्यातूनच पुढे २०१५ मध्ये ओपन-एपीएस हा घरी बनवायच्या कृत्रिम स्वादुपिंडाचा प्रकल्प जन्मला.

पण कंपॅटिबिलिटीचं भूतही तेव्हापासूनच मानगुटीवर बसलं. नाइटस्काउटसाठी रिसीव्हरला केबलने अँड्रॉइड फोन जोडावा लागे. त्यासाठी फोनमध्ये यूएसबी ओटीजी हवं, आणि ते सगळ्या फोनांत नसायचंच. त्यामुळे कुठला फोन चालतो याच्या याद्या पालक एकमेकांना पुरवायचे. पुढे कंपन्यांनी ब्लूटूथ आणलं. २०१५ मध्ये डेक्सकॉमचा जी५ सरळ फोनशी बोलायला लागला, पण आधी फक्त आयफोनशी. अँड्रॉइडवाल्यांना थांबावं लागलं. ॲबटच्या फ्रीस्टाइल लिब्रेचं नेमकं उलटं. त्याचा पहिला सेन्सर एनएफसीवर चालायचा आणि ॲपलने ॲप्सना एनएफसी वाचायची मुभा दिली ती २०१७ च्या आयओएस ११ मध्ये, तीही आयफोन ७ पासून पुढे. जुना आयफोन असेल तर कंपनीचा वेगळा रीडर वापरा किंवा फोन बदला!

बरं, जोडणीचा प्रश्न सुटला तर झोपेचा आला. २०१५ च्या अँड्रॉइड ६ मध्ये 'डोझ' आलं. फोन पडून असला की मागे चाललेली कामं थोपवायची, म्हणजे बॅटरी टिकेल. वर काही उत्पादकांनी आपापले आणखी कडक बॅटरी सेव्हर लादले. यात कुणी दुष्ट नाही हो. शंभरातल्या नव्व्याण्णव ॲप्ससाठी ते बरोबरच आहे. पण शंभरावं ॲप रात्री तीनला, फोन पडून असतानाच, सगळ्यात जास्त गरजेचं असतं. ॲपलने २०१८ मध्ये 'क्रिटिकल अलर्ट' आणले, जे सायलेंट असतानाही वाजतात. तरी २०२३ मध्ये आयओएस १७ आलं तेव्हा ॲबटला लिब्रे वापरणाऱ्यांना सांगावं लागलं की ऑटोमॅटिक अपडेट बंद ठेवा, आणि अपडेट झालाच असेल तर स्टँडबाय मोड बंद करा. नवी सोय अलार्मच्या आड येण्याची भीती होती.

फेब्रुवारी २०२५ मध्ये तर खुद्द एफडीएनेच इशारा दिला. फोनच्या सेटिंगमुळे अलार्म न वाजल्याच्या किंवा ऐकू न आल्याच्या तक्रारी आल्या होत्या, आणि त्याने गंभीर इजा, अगदी मृत्यूलाही हातभार लागला असू शकतो, असं त्यात स्पष्ट म्हटलं आहे. उपाय काय? दर महिन्याला सेटिंग तपासा, ऑटो अपडेट बंद ठेवा, नवा हेडफोन किंवा गाडीचं ब्लूटूथ जोडलं की अलार्म ऐकू येतोय ना ते बघा. म्हणजे टेस्टिंगची जबाबदारी शेवटी पेशंटवरच.

मला खटकलं ते हेच. सेन्सरवाला म्हणतो ओएस बदलली, ओएसवाला म्हणतो फोन उत्पादकाने बदल केले, उत्पादक म्हणतो सेटिंग तुमच्या हातात आहे. प्रत्येकाचं आपल्यापुरतं बरोबर. जुना पेजरसारखा रिसीव्हर कितीही बावळट दिसो, त्याला एकच काम होतं आणि एकच मालक. आपण सोय मिळवली आणि तो एक मालक गमावला. आम्हीही ऑफिसात 'एज केस' म्हणून तिकिटं बंद करतोच की. त्यातलं एखादं कुणाच्या पहाटे तीनचं असेल, हे तेव्हा डोक्यातही येत नाही.

असो. त्या रात्रीनंतर आम्ही ॲपला बॅटरी सेव्हरमधून सूट दिली, अपडेट हाताने करायचे ठरवले, आणि त्याचे आकडे माझ्याही फोनवर घेतले. माझा फोन वेगळ्या कंपनीचा आहे. दोन्ही एकाच रात्री झोपायचे नाहीत, एवढीच आशा. आणि साखरेचा डबा आता त्याच्या उशाशी असतो. त्याला अपडेट लागत नाही :-)