पानातला ससा

लेट्यूसचं एक कुरकुरीत पान बशीत पसरायचं. डब्यातला अर्धा पेअर थंड करून त्यावर पालथा घालायचा. निमुळती बाजू म्हणजे तोंड. तिथे दोन बेदाण्यांचे डोळे, दालचिनीच्या लाल गोळीचं नाक आणि सोललेल्या दोन बदामांचे कान. मागे कॉटेज चीजचा गोळा चिकटवला की शेपटी झाली आणि ससाही झाला. ना चूल पेटवायची, ना सुरी हातात घ्यायची. १९५७ साली अमेरिकेत निघालेल्या ‘बेटी क्रॉकर्स कुक बुक फॉर बॉइज अँड गर्ल्स’ या पुस्तकातली ही पाककृती. त्याच पुस्तकात रॅगेडी अ‍ॅन नावाची एक बाहुलीही आहे. पीचच्या अर्ध्या फोडीचं धड, सेलरीच्या काड्यांचे हातपाय, उकडलेल्या अर्ध्या अंड्याचं डोकं, किसलेल्या पिवळ्या चीजचे केस आणि लेट्यूसच्या चुणीदार पानाचा झगा.

ससा कुणाचाही असू शकतो, रॅगेडी अ‍ॅन मात्र गोष्टीतलीच. जॉनी ग्रुएल या चित्रकाराने १९१५मध्ये या चिंध्यांच्या बाहुलीच्या रूपाचं पेटंट घेतलं आणि १९१८मध्ये तिच्या गोष्टींचं पुस्तक आलं. म्हणजे गोष्टीतलं पात्र फळांतून उभं करून मुलापुढे ठेवायचं, हा आज मोबाइलच्या पडद्यावर रोज दिसणारा उद्योग आपल्याला वाटतो तेवढा नवा नाही. पण १९५७मध्ये तो आकाशातूनही पडला नव्हता. गोष्ट आणि मुलाचं जेवण यांची सोयरीक जुनीच आहे. फक्त गोष्ट आधी ताटाशेजारी बसत असे. मग ती ताटावर रंगली आणि अखेर ताटात वाढली गेली.

ताटाशेजारची गोष्ट मराठी घरांना नव्याने सांगायला नको. एक घास चिऊचा, एक काऊचा, एक मनीमाऊचा, एक चांदोमामाचा. घास तोच वरणभाताचा. त्याला ना चोच, ना पंख. चिमणी सगळी सांगणाऱ्याच्या तोंडात आणि ऐकणाऱ्याच्या डोळ्यांत. वरणभात चिमणीसारखा दिसावा असं कुणाला कधी वाटलं नाही. पोळ्या लाटताना उरलेल्या कणकेची चिमणी करून तव्यावर भाजून द्यायची पद्धत होती, पण ती मुलाला गुंतवून ठेवायला. तिच्यातून काही पोटात जावं हा हेतू नसे.

गोष्ट ताटावर यायची तर पात्राला ठरीव चेहरामोहरा लागतो. चिऊकाऊला तो नव्हता, ज्याची त्याची चिऊ वेगळी. इंग्लंडात बीट्रिक्स पॉटरच्या पीटर या सशाला तो मिळाला. १८९३मध्ये एका आजारी मुलाला लिहिलेल्या सचित्र पत्रातून हा ससा निघाला. प्रकाशकांनी नाकारल्यावर पॉटरबाईंनी १९०१च्या डिसेंबरात २५० प्रती स्वतःच्या खर्चाने छापल्या. १९०२मध्ये फ्रेडरिक वॉर्न कंपनीने रंगीत आवृत्ती काढली आणि १९०३मध्ये बाईंनी पीटरच्या बाहुलीची पेटंट कार्यालयात नोंदही केली. पुस्तकाबाहेरही तसाच्या तसा ओळखू येणारा आणि नोंदणी झालेला ससा, ही तेव्हा नवी गोष्ट होती. त्याच्यामागोमाग मुलांच्या बशा, वाडगे, कप यांच्यावर सशांची रांग लागली. १९३४मध्ये डोल्टन कंपनीने ‘बनीकिन्स’ ही मुलांची भांडी काढली. त्यावरची चित्रं काढणाऱ्या बार्बरा व्हर्नन बेली या कॉन्व्हेंटमधल्या नन होत्या आणि त्यांचे वडील कथबर्ट बेली त्या कारखान्याचे व्यवस्थापक होते. अशा भांड्यांची गंमत म्हणजे खीर संपल्याशिवाय तळाचं चित्र दिसत नाही. मूल चित्रासाठी खातं, पण जे खातं ते खीर म्हणूनच खातं.

जाता जाता एक आठवण. पॉटरबाईंच्या गोष्टीत पीटरचे वडील आधीच मॅकग्रेगर नावाच्या बाईंनी भाजलेल्या ‘पाय’ या सारणाच्या पदार्थात गेलेले असतात आणि पीटर स्वतः लेट्यूस, फरसबी नि मुळे वाजवीपेक्षा जास्त खाऊन पोट बिघडवून घेतो. त्या कुळातला ससा पुढे लेट्यूसच्या पानावर बसून सॅलड व्हावा, याला काय म्हणावं!

खाण्याच्या वस्तूला गोष्टीचं रूप देणं तोवर झालं नव्हतं असंही नाही. जर्मनीत ग्रिम बंधूंच्या हेन्सेल-ग्रेटेलनंतर चेटकिणीचं घर मसाल्याच्या केकमधून घडत होतंच. पण कणीक, केक, साखर ही आज्ञाधारक मंडळी. फळ तसं नसतं. एक पेअर वाकडा, दुसरा बुटका. सफरचंद कापलं की काही मिनिटांत तांबूस पडतं, कारण चिरलेल्या पेशींमधलं एन्झाइम हवेतल्या ऑक्सिजनला भेटतं. केळ्याचं तर विचारूच नका. पुस्तकात छापून हजारो घरांत सारखाच ससा व्हायचा, तर फळालाही सारखेपणा शिकवायला हवा होता. ते काम टिनच्या डब्याने केलं.

माझ्या मते या कुळाचा मूळपुरुष कुणी चित्रकार किंवा हौशी आई नाही, डबाच आहे. कॅलिफोर्नियातल्या कारखान्यांत बार्टलेट जातीचे पेअर सोलून, मधोमध कापून, बिया काढून पाकात बंद होत. शिजल्यावरही ही जात आकार सोडत नाही. डबा उघडला की आत एकमेकांची जुळी भावंडं दिसावीत असे अर्धे पेअर, पाठीकडून गुळगुळीत आणि पोटाला खळगा. अननसाची कथा आणखी स्पष्ट आहे. जेम्स डोल यांनी १९०१मध्ये हवाईत अननसाची कंपनी काढली. १९११मध्ये हेन्री गिनाका या तिथल्या अभियंत्याने असं यंत्र केलं की ते अननसाची टोकं उडवतं, साल काढतं आणि मधला दांडा पोखरून बाहेर टाकतं. उरलेलं नळकांडं आडवं कापलं की मधे भोक असलेल्या एकसारख्या चकत्या आयत्याच तयार. भोक दिसलं की त्यात काहीतरी उभं करावंसं वाटतंच. १९२०च्या दशकात अमेरिकी स्वयंपाकघरांत ‘कँडल सॅलड’ रुळलं: अननसाच्या चकतीत उभं केलेलं अर्धं केळं आणि माथ्यावर ज्योतीच्या जागी लाल चेरी. ते पाहून आजच्या मोठ्या माणसांना जे हसू येतं ते त्या काळच्या गृहिणींना येत नसावं. किंवा येतही असेल.

अशा सॅलडांना पाठबळ होतं गृहशास्त्राच्या चळवळीचं. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस बॉस्टन कुकिंग स्कूलसारख्या संस्थांनी स्वयंपाकाला मोजमाप आणि टापटीप लावली. अघळपघळ सॅलड त्यांना खपत नसे. प्रत्येकाच्या बशीत नेटका, नाजूक, चित्रासारखा एकेक नग हवा. बायकांच्या दुपारच्या बैठकींसाठी घडलेली ही नजाकत नंतर मुलांच्या ताटात उतरली आणि तिथेच रमली. बेटी क्रॉकर नावाची बाई मात्र कधी जन्मलीच नव्हती. मिनियापोलिसच्या एका पिठाच्या कंपनीने ग्राहकांच्या पत्रांना उत्तरं द्यायला १९२१मध्ये ते नाव घडवलं आणि पुढे ती कंपनी जनरल मिल्समध्ये सामील झाली. एका काल्पनिक बाईने एका काल्पनिक बाहुलीचं सॅलड शिकवावं, हे जुळलंय छान.

जपानमध्ये याच सुमाराला दुसरा धागा विणला जात होता. १९३०च्या डिसेंबरात टोकियोतल्या मित्सुकोशी या मोठ्या दुकानाच्या भोजनगृहात मुलांसाठी खास ताट सुरू झालं. भाताचा छोटा डोंगर आणि शिखरावर कागदी झेंडा. तिथल्या डब्यांत दिसणारा सफरचंदाचा ससा तर निव्वळ सुरीचं काम. फोडीची साल पुढून अर्धी सोडवायची, तिच्यात पाचर कापायची की दोन लाल कान उभे राहतात. तांबूस पडू नये म्हणून फोड मिठाच्या पाण्यातून काढायची. वरून काही चिकटवलेलं नाही, सफरचंदाने सफरचंदच राहून ससा व्हायचं. मला अमेरिकी सशापेक्षा हा जास्त आवडतो.

तरीही खरं सांगायचं तर पेअरचा ससा असो की पीचची बाहुली, त्या गोष्टी नव्हेत. पात्र ताटात येतं, गोष्ट पुस्तकातच राहते. रॅगेडी अ‍ॅनचं डोकं आधी खाल्लं काय नि पाय आधी खाल्ले काय, तिच्या कथेत काही घडत नाही. ही उणीव भरून काढली एका अळीने.

ही अळी चितारणारे एरिक कार्ल यांचा जन्म १९२९मध्ये न्यूयॉर्क राज्यातल्या सिराक्यूजचा, पण ते सहा वर्षांचे असताना आईवडील जर्मनीला, स्टुटगार्टला परतले. लहानपणी वडील त्यांना रानात नेत, दगड उलटून खालचे किडेमुंग्या दाखवत. पुढे युद्ध आलं आणि वडील रशियनांच्या कैदेत गेले. १९५२मध्ये कार्ल अमेरिकेला परतले आणि जाहिरातींची चित्रं काढू लागले. त्यांनी काढलेला एक लाल शेवंड पाहून लेखक बिल मार्टिन यांनी त्यांना मुलांच्या पुस्तकासाठी बोलावलं आणि कार्ल पुस्तकांकडे वळले. एकदा कागदांच्या गठ्ठ्याला पंचने भोकं पाडताना त्यांना पुस्तक कुरतडणारा किडा सुचला. त्यांनी विली नावाच्या किड्याची कच्ची प्रत केली. संपादक अ‍ॅन बेनेड्यूस यांना किडा फारसा भावला नाही. अळी केली तर, असं त्यांनी विचारलं आणि कार्ल यांना लगेच फुलपाखरू दिसलं. लहानमोठी पानं आणि त्यांतली भोकं परवडणाऱ्या दरात छापून देणारा कारखाना अमेरिकेत मिळेना, तेव्हा बेनेड्यूस यांनी जपानमध्ये तो शोधला. ‘द व्हेरी हंग्री कॅटरपिलर’ १९६९च्या जूनमध्ये आलं आणि त्याच्या पाच कोटींहून जास्त प्रती खपल्या.

या अळीचं खाणं हीच तिची गोष्ट. सोमवारी एक सफरचंद, मंगळवारी दोन पेअर, बुधवारी तीन आलुबुखार, गुरुवारी चार स्ट्रॉबेरी, शुक्रवारी पाच संत्री. शनिवारी केक, आइस्क्रीम, लोणच्याची काकडी, सलामी असं मिळेल ते, आणि रात्री पोटदुखी. रविवारी एक हिरवं पान, की बरं वाटतं. इथे फळ हे पात्राचं अंग नसून कथानक आहे. मुलाच्या बशीत रोज त्या दिवसाचं फळ ठेवलं तरी गोष्ट पुढे सरकते. सजावट शून्य असली तरी चालतं. हा आठवडा आपल्याकडेही जमण्यासारखा आहे, फक्त एका आठवड्यात नाही. महाबळेश्वरची स्ट्रॉबेरी नि नागपूरची संत्री थंडीतली, आलुबुखार आणि नासपती उन्हाळा-पावसाळ्यातले. अमेरिकेतही ती सगळी एका ऋतूत पिकत नाहीत. पण अळीला शीतगृह परवडत असावं.

बालवाड्यांनी मात्र गोष्टीपेक्षा अळीच उचलली. काडीला ओळीने हिरवी द्राक्षं ओवायची आणि पुढे डोक्याला लाल स्ट्रॉबेरी किंवा चेरी टोमॅटो, कारण कार्ल यांच्या अळीचं तोंड लाल आहे. हीच आज जगभरच्या वाढदिवसांत दिसते. दरम्यान १९८३मध्ये त्याच बेटी क्रॉकरच्या जनरल मिल्सने फळांच्या रसाची गोड गुंडाळी बाजारात आणली, आपल्या आंबापोळीची साखरेत वाढलेली दूरची चुलतबहीण. ‘फ्रूट स्नॅक’ म्हटलं की अमेरिकी मुलाला आता बहुधा हे चघळायचं चिकट प्रकरणच आठवतं.

या सगळ्याने मुलं फळं जास्त खातात का? २०१२मध्ये कॉर्नेल विद्यापीठाच्या ब्रायन वॉन्सिंक यांच्या गटाने सांगितलं की ८ ते ११ वर्षांच्या मुलांपुढे ठेवलेल्या सफरचंदावर ‘सेसमी स्ट्रीट’ या मुलांच्या टीव्ही कार्यक्रमातल्या एल्मोचं चित्र चिकटवलं तर ते उचलणारी मुलं बरीच वाढतात. निबंध खूप गाजला. २०१७मध्ये तो मागे घेतला गेला, कारण ती मुलं ८ ते ११ची नव्हतीच, ३ ते ५ वर्षांची होती. वॉन्सिंक यांचे आणखीही निबंध मागे घेतले गेले आणि त्यांना विद्यापीठ सोडावं लागलं. त्यापेक्षा मानसशास्त्रज्ञ लीअ‍ॅन बर्च यांचे १९८०च्या दशकातले प्रयोग टिकून राहिले. दोन वर्षांच्या मुलांना एखादं अनोळखी फळ किंवा चीज जितक्या जास्त वेळा चाखायला मिळालं, तितकं ते त्यांना आवडू लागलं. तिथे ना कान होते, ना शेपटी.

आणि द्राक्षाच्या अळीपुरतं एक पथ्य. जानेवारी ते एप्रिल या काळात युरोपातल्या मुलाच्या डब्यात बसलेली अळी नाशिकची असण्याचा संभव बराच आहे, कारण त्या महिन्यांत इथली बिनबियांची द्राक्षं नेदरलँड्स आणि इंग्लंडला जातात. बागायतदार जिबरेलिक अ‍ॅसिड देऊन मणी फुगवतो, परदेशी गिऱ्हाईक मण्याची जाडी मिलिमीटरात मोजून घेतं. जेवढा मणी टपोरा, तेवढी अळी देखणी. पण अख्खं, गोल, गुळगुळीत द्राक्ष लहान मुलाच्या श्वासनलिकेत बुचासारखं बसू शकतं. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या अकादमीने २०१०मध्ये घशात अडकणाऱ्या पदार्थांबद्दल इशारा दिला, त्यात हॉट डॉग आणि शेंगदाण्यांबरोबर द्राक्षंही होती. चार वर्षांखालच्या मुलाला द्राक्ष उभं चिरून, चार फोडी करूनच द्यावं. आडवं कापलं तर गोलपणा तसाच राहतो. टोकदार काडी तर अजिबात नको. फोडी बशीत एकामागे एक मांडल्या तरी अळी होते, जरा चपटी होते एवढंच.