चामड्याचे दोन पदर



शिवणयंत्राचा इतिहास आपल्यापैकी पुष्कळ जणींना थोडाबहुत ठाऊक असतो. घरोघरी ते यंत्र आले, त्यावर कित्येक संसार उभे राहिले. त्यामुळे त्याची कहाणी सांगणारेही पुष्कळ निघाले. परंतु ज्या यंत्राने पायातील वहाण, कमरेचा पट्टा आणि हातातील पिशवी यांचे रूप बदलले, त्याची आठवण फारशी कोणी काढीत नाही. ते यंत्र म्हणजे चामडे तासून पातळ करण्याचे यंत्र. कारागीर त्यास ‘स्प्लिटर’ म्हणतात. यंदा आपल्या चर्मवस्तू वर्गात असे एक लहानसे यंत्र बाकाला बोल्टांनी बसविले आहे. त्या निमित्ताने त्याची हकीकत सांगावी, असे मनात आले. या हकीकतीत स्त्रियांच्या कष्टाचा भाग मोठा आहे. तो कळला तर यंत्राकडे पाहण्याची आपली दृष्टी बदलेल, असे मला वाटते.

प्रथम कातड्याविषयी थोडे सांगते. जनावराचे कातडे सर्वत्र सारख्या जाडीचे नसते. पाठीवर ते जाड व घट्ट असते. पोटाकडे पातळ व सैल होत जाते. त्याच्या जाडीतही निरनिराळे थर असतात. केसाकडच्या बाजूचे तंतू फार बारीक आणि दाट असतात; मधल्या थरात ते जाड होऊन एकमेकांत गुंफलेले असतात; मांसाकडे त्यांची वीण पुन्हा सैल पडते. पट्टा किंवा चपलेचा अंगठा टिकावयाचा तर केसाकडची बाजू शाबूत ठेवून मांसाकडचा नको तेवढा भाग काढावा लागतो. आपल्याकडे हे काम रापीने होत आले आहे. युरोपात कमावलेले चामडे कलत्या फळीवर टाकून दोन मुठींच्या सुऱ्याने तासत. हात सराईत असेल तर काम उत्तम होई. पण जो भाग तासून निघे तो लहान लहान चकत्यांच्या रूपाने वायाच जाई. शिवाय मनगट क्षणभर चुकले तर मोलाचे चामडे भोक पडून फुकट जाई.

हा तोटा टाळण्याची खटपट अमेरिकेत एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी झाली. मॅसॅच्युसेट्स संस्थानातील बिलेरिका गावच्या सॅम्युएल पार्कर यांनी १८०८ च्या सुमारास चामडे तासण्याच्या यंत्राचे पेटंट घेतले. त्याच संस्थानातील फॉक्सबरो येथे १७८८ मध्ये जन्मलेले सेथ बॉयडन हे १८१५ च्या सुमारास न्यू जर्सीतील न्यूअर्क शहरी गेले, तेव्हा चामडे तासण्याचे यंत्र त्यांच्या भांडवलात होते. पुढे १८१९ मध्ये याच बॉयडन यांनी अमेरिकेत चकचकीत ‘पेटंट लेदर’ तयार केले. न्यूअर्क हे चर्मोद्योगाचे मोठे केंद्र बनले. घोड्यांचे साज करणाऱ्यांसाठी हत्यारे बनविणारी सी. एस. ऑस्बोर्न ही पेढी १८२६ मध्ये तेथेच निघाली. तिचे ८४ क्रमांकाचे बाकावरचे स्प्लिटर साज करणाऱ्यांच्या ओळखीचे झाले. मोठ्या कारखान्यांत पुढे अखंड फिरणाऱ्या पट्टीसारख्या पात्याची यंत्रे आली. त्यांत अख्खे कातडे एका टोकाने घालावे आणि दुसऱ्या टोकास त्याचे दोन पदर वेगळे होऊन बाहेर पडावेत, अशी व्यवस्था होती.

आपल्या वर्गातील यंत्र त्या मानाने अगदी साधे आहे. दोन खांबांमध्ये एक रुंद पाते पक्के बसविलेले असते. त्याच्या धारेसमोर एक रूळ असतो. रूळ आणि धार यांच्यामध्ये जेवढी फट, तेवढ्या जाडीचा पट्टा बाहेर पडतो. फट कमीजास्त करण्यास एक दांडा असतो व दोन्ही टोकांस स्क्रू असतात. पट्टा फटीतून घालावयाचा, दांडा खाली करावयाचा आणि दोन्ही हातांनी आपल्याकडे ओढावयाचा, एवढेच काम. पण या ‘एवढेच’ मध्ये कसब भरलेले आहे.

यंत्र जुळविताना पहिले लक्ष धारेकडे द्यावे. बोथट पाते चामडे कापीत नाही, ते त्यास रेटते; मग पट्टा ताणतो, अडतो किंवा मध्येच तुटतो. म्हणून पाते दगडावर लावून मग पॉलिश चोळलेल्या चामड्याच्या पट्टीवर पाजवून घ्यावे. दुसरे लक्ष फटीच्या दोन्ही टोकांकडे. डावीकडे फट रुंद आणि उजवीकडे अरुंद राहिली, तर पट्ट्याची एक कड जाड व एक कड पातळ निघते. डोळ्यांना हा फरक दिसत नाही. त्यासाठी निरुपयोगी चामड्याची एकेक चिंधी प्रथम डाव्या आणि मग उजव्या टोकातून ओढावी, दोन्ही तुकड्यांची जाडी मोजावी आणि त्याप्रमाणे स्क्रू थोडाथोडा फिरवावा. तिसरी गोष्ट सबुरीची. चार मिलिमीटरचा पट्टा एका दमात दोन मिलिमीटर करू पाहू नये. थोडे थोडे काढावे. केसाकडची बाजू रुळाकडे आणि मांसाकडची पात्याकडे ठेवावी, म्हणजे पट्ट्याचे उत्तम अंग वाचते. ओढ एकसारखी हवी. मध्ये थांबले की त्या जागी आडवी खूण उठते. टोक लहान असेल तर पकडीने धरावे, आणि पट्टा जिकडून आत शिरतो त्या बाजूस बोटे कधीही नेऊ नयेत. धार तिकडेच तोंड करून असते. झाडाच्या सालीने कमावलेले कणखर चामडे या यंत्रातून छान निघते. मऊ, ताणले जाणारे चामडे मात्र गोळा होते.

जाडी मोजण्याची इंग्रजी रीतही मजेची आहे. एक चौरस फूट चामडे एक औंस भरले, तर त्याची जाडी साधारण इंचाचा चौसष्टावा भाग, म्हणजे ०.४ मिलिमीटर असते, या हिशेबाने चामडे ‘इतक्या औंसांचे’ असे सांगतात. कमरेचा पट्टा बहुधा आठ ते दहा औंसांचा, म्हणजे तीन ते चार मिलिमीटरचा. तो बकलाभोवती दुमडला की जाडी दुप्पट होते. म्हणून दुमडीपुरते टोक पातळ करावे लागते. आपल्या पिशव्यांच्या बंदांना हे यंत्र याच कामी येते.

यंत्राने आणखी एक बदल घडविला. खालचा जो भाग पूर्वी चकत्या होऊन वाया जाई, तो मोठ्या यंत्रांतून अखंड निघू लागला. त्याचे केसाळ, मऊ ‘स्वेड’ झाले. त्यावर लेप चढवून वरच्या थरासारखा दाणाही उठविता येऊ लागला. चामडे स्वस्त झाले ही गोष्ट चांगलीच. परंतु दुकानात ‘अस्सल चामडे’ एवढीच चिठ्ठी पाहून भुलू नये. खालच्या पदराला केसाकडची मूळ बाजू नसते. वस्तूची कापलेली कड निरखून पाहावी. वर लेपाचे पापुद्र्यासारखे आवरण आणि खाली मोकळे, केसाळ तंतू दिसले, तर तो खालचा पदर समजावा.

आता स्त्रियांच्या कष्टाकडे वळते. मॅसॅच्युसेट्समधील लिन हे गाव बुटांसाठी प्रसिद्ध होते. अठराव्या शतकाच्या अखेरीपासून तेथील चांभारांच्या बायका व मुली बुटाचा वरचा भाग घरी शिवून देत. पुरुष लहानशा खोपटात तळ जोडीत; बायका स्वयंपाक, मुले सांभाळून टाके घालीत. पुढे व्यापारी स्वतः चामडे कापून या बायकांना वाटू लागले आणि जोडामागे मजुरी देऊ लागले. एकेक यंत्र येत गेले. चामडे यंत्राने तासले जाऊ लागले. १८४५ च्या सुमारास तळाचे चामडे ठोकून घट्ट करण्याऐवजी रुळांत दाबले जाऊ लागले. १८५२ मध्ये शिवणयंत्रावर बुटांचा वरचा भाग शिवता येऊ लागला. दरेक यंत्राने काम सारखे आणि झपाट्याचे केले. पण मजुरीचा दर ठरविणे कष्ट करणारीच्या हाती कधी आले नाही.

१८६० च्या २२ फेब्रुवारीस लिनमध्ये संप झाला. ७ मार्च रोजी सुमारे ८०० स्त्रिया पडत्या बर्फातून मिरवणुकीने निघाल्या. आम्ही गुलाम होणार नाही, योग्य मोबदला द्या म्हणजे आनंदाने काम करू, अशा अर्थाचा फलक त्यांनी धरला होता. परंतु त्यांच्यातही दोन तट होते. कारखान्यात यंत्रावर बसणाऱ्या मुलींचे हित एक, घरी टाके घालणाऱ्या गृहिणींचे दुसरे. काम सगळे कारखान्यातच गेले तर आपली मजुरी बुडेल, ही गृहिणींची धास्ती होती. दोघींचा मेळ बसला नाही. काही मालकांनी दर वाढविले, पण संघटनेला मान्यता मिळाली नाही. १८६९ मध्ये लिन येथेच ‘डॉटर्स ऑफ सेंट क्रिस्पिन’ ही बूट शिवणाऱ्या स्त्रियांची संघटना स्थापन झाली. अमेरिकेतील स्त्रियांची ती पहिली राष्ट्रीय कामगार संघटना मानली जाते.

हे सारे दूरचे आहे, असे म्हणून सोडून देण्यासारखे नाही. आपल्या कोल्हापुरी चपलेतही तळाचे जड काम बहुधा पुरुषांकडे, तर पट्ट्यावरची वेणी, नक्षी आणि शिलाई बहुधा स्त्रियांकडे असते. ज्या चपलेवरची वेणी नाजूक, तिची किंमत चढते; वेणी घालणारीचे नाव मात्र चपलेवर नसते. २०१९ मध्ये कोल्हापुरी चपलेस भौगोलिक मानांकन मिळाले. महाराष्ट्रातील कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर आणि कर्नाटकातील बेळगाव, धारवाड, बागलकोट, विजापूर अशा आठ जिल्ह्यांचा त्यावर हक्क आहे. २०२५ च्या जूनमध्ये इटलीत मिलान येथे प्रादा या पेढीने आपल्या प्रदर्शनात कोल्हापुरीसारख्या वहाणा मांडल्या. आरंभी मूळचा उल्लेख नव्हता. इकडून टीका झाल्यावर पेढीने ती प्रेरणा भारतीय चपलेची असल्याचे मान्य केले. मान्यता मिळाली हे ठीकच. पण वेणी घालणाऱ्या बाईच्या पदरात किती पडते, हा प्रश्न त्याने सुटत नाही. शिवाय ज्यांच्या हातची वहाण आपण हौसेने घालीत आलो, त्या हातांना आपल्याच समाजाने पिढ्यान्‌पिढ्या दूर लोटले, हेही विसरता येत नाही.

म्हणून मला मंडळाच्या भगिनींना एकच गोष्ट सुचवावयाची आहे. यंत्र आले की काम दोन पदरांत विभागले जाते: एक यंत्र जुळविणारी, दुसरी नुसते टाके घालणारी. पहिलीस हिशेब कळतो, दुसरीस फक्त मजुरी कळते. लिनच्या स्त्रियांत असाच दुरावा पडला. आपल्या वर्गात तो पडू देऊ नये. प्रत्येक शिकाऊ भगिनीने पाते पाजवावे, चिंधी ओढून फट तपासावी, स्क्रू स्वतः फिरवावा. त्याचबरोबर चामडे कितीला आले, पिशवी कितीला गेली, वेळ किती लागला, हेही तिच्या वहीत तिच्याच हाताने लिहिले जावे. विक्रीचा दर ठरविताना वेणी घालणारी बैठकीत असावी. चामडे किती पातळ करावे हे जिला कळते, तिची मजुरी पातळ करणे मग सोपे जात नाही.

यंत्र बाकाला घट्ट बसले आहे. येत्या वर्षी त्याभोवती बसणाऱ्या भगिनींची संख्या वाढो, आणि त्यांच्या वहीतील जमेची बाजू भरत जावो, एवढी इच्छा व्यक्त करून पुरे करते.