अंतिम भोजन (तिंतोरेत्तोचे चित्र)

व्हेनिसचा चित्रकार याकोपो रोबुस्ती ऊर्फ तिंतोरेत्तो (मृत्यू १५९४) याने अखेरच्या काळात, १५९२ ते १५९४ या वर्षांत, रंगवलेले तैलचित्र. उंची सुमारे ३.६५ मीटर, रुंदी ५.६८ मीटर. वास्तुकार पाल्लादिओच्या सान जोर्जो माज्जोरे या मठाच्या चर्चसाठी ते काढले गेले आणि आजही तिथेच, वेदीच्या बाजूच्या भिंतीवर आहे. समोरच्या भिंतीवर त्याचेच दुसरे चित्र असून त्यात रानात इस्राएल लोकांना मिळालेला मान्ना दिसतो. आकाशातून आलेले अन्न एकीकडे, येशूने मोडून दिलेली भाकर दुसरीकडे आणि मध्ये वेदी, अशी ही जोडी असल्याने चित्र जागेवरच पाहावे.

लिओनार्दोच्या मिलानमधील प्रसिद्ध चित्रात मेज प्रेक्षकासमोर आडवे आहे आणि क्षण विश्वासघाताच्या भाकिताचा आहे. तिंतोरेत्तोने मेज तिरके, खोल अंधारात शिरणारे दाखवले आणि क्षण निवडला तो प्रभुभोजनाच्या स्थापनेचा. भाकर व द्राक्षारसात ख्रिस्त खरोखर उपस्थित असतो, ही शिकवण कॅथलिक चर्चच्या ट्रेंट येथील परिषदेने १५५१ मध्ये ठामपणे मांडली होती. तिचा जोर या निवडीत जाणवतो. येशू मेजाच्या मध्याशी, आकाराने लहान आहे. तो नजरेत भरतो केवळ मस्तकाभोवतीच्या तेजामुळे. शिष्यांनाही प्रभावलय आहे. मेजाच्या अलीकडच्या बाजूला एकटा बसलेल्या विश्वासघातकी यहूदाला मात्र नाही.

चित्राचा प्राण प्रकाशात आहे. वर टांगलेल्या दिव्याच्या ज्योती भडकलेल्या आहेत आणि छताखालच्या धूसर अंधारात देवदूतांच्या पारदर्शक आकृत्या तरंगतात. धूर कुठे संपतो आणि पंख कुठे सुरू होतात, ते सांगता येत नाही. खाली उजवीकडे गुडघ्यांवर बसलेली मोलकरीण भांडी हाताळते आहे. तिच्याजवळच्या टोपलीत मांजर डोकावते आहे. नोकरचाकर आपल्या कामात गढलेले, वर काय चालले आहे याची त्यांना दादही नाही. स्वयंपाकघरातली ही धांदल आणि चमत्कार एकाच खोलीत इतक्या सहजपणे नांदताना त्या शतकातल्या फार थोड्या चित्रांत दिसतात.

हा विषय तिंतोरेत्तोने आयुष्यभर पुन्हा पुन्हा हाताळला. सान मार्कुओला चर्चसाठी १५४७ मध्ये काढलेल्या चित्रात मेज अजून सरळ आहे. स्कुओला दी सान रोक्कोमधल्या चित्रात ते तिरपे आहे. छोटे पुतळे पेटीत मांडून, दिवे लावून तो छायाप्रकाश अभ्यासत असे, असे त्याचा चरित्रकार रिदोल्फी सांगतो.